लिंबाखालचे नऊ ठिपके

इंजिन बंद पडलं तेव्हा सिकंदर तडवी गाणं म्हणत होता.

गाणं कसलं, आपलं गुणगुणणं. फवारणीच्या विमानात सीट एकच. ऐकायला कुणी नाही, हसायला कुणी नाही. खाली रावेरकडच्या केळीच्या बागा. वरून जमीन दिसतच नाही, नुसती पानं. एका बागेवर करपा रोगाचं औषध मारून झालं. पुढं विजेच्या तारा होत्या म्हणून त्यानं नाक वर घेतलं. रोजचंच काम. वर जाता जाता इंजिनानं एक उचकी दिली. मग दुसरी. मग काहीच नाही.

समोरचा पंखा फिरताना कधी दिसत नाही. तो दिसायला लागला.

सिकंदरला आधी वाटलं, आपले कान गेले.

"इंजिन बंद आहे," मावशी म्हणाली. "काळजी करू नका. मी जागा बघून ठेवली आहे."

मावशी म्हणजे विमानातलं यंत्र. कंपनीनं तिला अक्षरं आणि आकडे जोडून काहीतरी नाव दिलं होतं, पण आवाज पन्नाशीच्या बाईचा, शांत, जरासा नाकातला. पहिल्याच आठवड्यात एका पायलटनं तिला मावशी म्हटलं आणि ते नाव चिकटलं.

मावशीचं काम समजायला आधी एक गोष्ट समजली पाहिजे. मोठ्या विमानाचं इंजिन गेलं तर पायलटकडं उंची असते. उंची म्हणजे वेळ. फवारणीवाल्याकडं दोन्ही नाहीत. तो पानांना चाटून उडतो, वळताना तेवढा वर येतो. इंजिन गेलं की आठ-दहा सेकंदांत खाली. तेवढ्यात औषधाची टाकी ओतून टाकायची, नाक खाली दाबून वेग राखायचा आणि उतरायला जागा शोधायची. पहिली दोन कामं सरावानं जमतात. तिसऱ्यात पोरं मरायची.

म्हणून मावशी. ती उडतानाच सतत हिशोब करत असते. आत्ता इंजिन गेलं तर कुठं उतरायचं? आता? आणि आता? त्यामुळं इंजिन खरंच गेलं की शोधाशोध नसते. निर्णय आधीच झालेला असतो. ती विमान चालवायचा दांडा स्वतःच्या ताब्यात घेते आणि विमान नेऊन टेकवते.

तिनं लाखो खोटे अपघात स्वतःशीच करून पाहिले होते, आणि त्यातून एक भलतीच गोष्ट शोधून काढली होती. पडायला सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोकळं शेत नव्हे. उभी केळीची बाग!

कुणाला पटेना. पण विचार केला तर सोपं आहे. मोकळ्या शेतात चाक ढेकळात अडकतं आणि विमान पालथं होतं. केळीचं झाड मुळात झाडच नाही. त्याचं खोड म्हणजे पानांच्या देठांची गुंडाळी, कांद्यासारखी पापुद्र्यावर पापुद्रा, आणि आत सगळं पाणी. विमान घुसलं की एकेक खोड पिचतं, पाणी फुटतं, आणि दर खोड वेगाचा एकेक घास खातं. शेकडो खोडं म्हणजे शेकडो ओल्या उशा. मावशी आल्यापासून जेवढी विमानं बागेत पडली, तेवढे पायलट स्वतःच्या पायांनी बाहेर आले.

बागेत माणूस असला तर?

ही एकच अडचण होती. केळीच्या पानांखाली कॅमेऱ्याला काही दिसत नाही. उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्यालाही नाही, कारण पाण्यानं भरलेलं ते जाड छप्पर खालची उष्णता वर येऊच देत नाही. मग कायदा आला. बागेत काम करणाऱ्या प्रत्येकानं मनगटावर पट्टा घालायचा. रबरी, स्वस्त, सरकारी. पट्टा म्हणजे एक ठिपका. ठिपका दिसेल तिथं मावशी विमान नेणार नाही. आधीच्या पट्ट्यांत नाडीही मोजायचे, पण घामानं आणि चिकानं ते बिघडायचे, उगाच बोंबलायचे. म्हणून नाडीचं काढून टाकलं. पट्टा आता फक्त 'मी इथं आहे' एवढंच सांगतो. मनगट आत आहे की नाही, ते सांगत नाही.

"फेगड्यांची बाग," मावशी म्हणाली. "बागेत माणसं शून्य. तुम्ही वाचाल."

पडद्यावर बागेचा चौकोन हिरवा झाला. शेजारच्या बांधावर, कडुलिंबाखाली, लाल ठिपके. नऊ.



फेगड्यांची बाग. सकाळीच फोनवर बा म्हणाला होता, "आज फेगड्यांकडं कापणी हाय. वरून जाशील तर औषध उडवू नको आमच्या भाकरीवर." बा म्हणजे रमजान तडवी, केळी कापणाऱ्या टोळीचा मुकादम. टोळी आठ जणांची. सिकंदरनंही कॉलेजच्या सुट्ट्यांत याच टोळीत घड वाहिले होते. त्यामुळं त्याला जे माहीत होतं ते मावशीला माहीत नव्हतं.

टोळी बागेत शिरायच्या आधी काय करते? खिसे रिकामे करते आणि मनगटं मोकळी करते. कारण चीक. घड कापला की देठातून पाण्यासारखा चीक गळतो, आणि वाळला की काळा पडतो. कापडावरून जात नाही, कातडीवरून जात नाही. पट्ट्याच्या रबराखाली शिरला तर दोन दिवसांत कातडी सोलून निघते. म्हणून सगळ्यांचे मोबाइल, पट्टे, तंबाखूच्या पुड्या एका पिशवीत जातात, आणि पिशवी जाते लिंबाच्या फांदीला.

त्यानं ठिपक्यांकडं पाहिलं. आठ ठिपके एकावर एक. आठ माणसांना तसं बसायचं तर एकमेकांच्या मांडीवर बसावं लागेल. आणि हलत नव्हते, जरासुद्धा. विसावा घेणारा माणूसही पाणी पितो, माशी हाकलतो.

नववा ठिपका जरा बाजूला होता. नववा पट्टा सिकंदरच्या बहिणीच्या, हमीदाच्या नावावर. ती सुट्टीत कधीमधी पेट्यांवर स्टिकर लावायला यायची. एरवी तो पट्टा बाच्या पिशवीतच पडलेला असतो, असं सिकंदर धरून होता. पडला असेल खाली, त्याला वाटलं. एवढा एकच क्षण त्यानं त्या ठिपक्याला दिला.

"मावशी, बागेत माणसं आहेत!"

"बागेत माणसं शून्य."

"पट्टे काढून ठेवलेत गं! झाडाला टांगलेत!"

"कृपया दांडा सोडा. तुम्ही वाचाल."

विमानाचं नाक बागेकडं वळत होतं. पानांखाली कुठंतरी बा कोयता घेऊन उभा होता. इंजिन बंद, म्हणजे आवाज नाही. तो वर बघणारही नव्हता.

सिकंदरनं मावशीला बाजूला करणारी लाल मूठ ओढली. मावशीचा हात सुटला, विमान त्याच्या हातात आलं. टाकी ओतली, पांढरा फवारा मागं जायच्या ऐवजी अर्धा काचेवरच आला. उरलेल्या अर्ध्या काचेतून एकच मोकळी पट्टी दिसत होती. बांधावरची गाडीवाट. सरळ लिंबाकडं जाणारी.

"तुम्ही माणसांकडं जात आहात," मावशी म्हणाली. आवाज तोच, शांत. "नऊ माणसं. पुन्हा सांगते, नऊ माणसं."

"पट्टे आहेत ते!" तो ओरडला.

लिंबापाशी काहीतरी पिवळं फडफडलं. पिशवी, त्याला वाटलं.

मग चाकं टेकली, उसळली, डावा पंख लिंबात गेला आणि जग फिरलं.

*

शुद्धीवर आला तेव्हा पायाला प्लॅस्टर होतं आणि बा खाटेच्या कडेला बसून संत्रं सोलत होता. स्वतःसाठी.

"जित्ता हायस," बा म्हणाला. "लिंब मेला."

"बाकी?"

"सगळे हायेत. विमान पडलं तवा आम्ही मधल्या सरीत होतो. धाडकन आवाज झाला, टोळीतला भिकन म्हणाला ट्रॅक्टर पलटी झाला. बाहेर येऊन बघतो तं तू." बानं एक फोड तोंडात टाकली, पण ती चावायची विसरला. "पंख झाडात, नाक पाण्याच्या चारीत. आमच्या पिशवीचा भुगा."

सिकंदर हसायला गेला आणि रडला. आठ जण बागेत होते. त्याचा अंदाज खरा ठरला होता. मावशी चुकली होती, तो नाही.

दारात हमीदा उभी होती. ओढणी हातांभोवती गुंडाळून, मनगटापर्यंत. कोपराला खरचटलेलं होतं.

"काय गं, तुला काय झालं?"

"पडले," ती म्हणाली.

"कुठं?"

"तुला बघायला पळत येत होते." आणि ती निघून गेली. एरवी ती दोन तास बडबडली असती. घाबरली असेल, सिकंदरनं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चौकशी समितीची नोटीस आली. ती त्यानं तीनदा वाचली, कारण एकदा वाचून कुणाचाही विश्वास बसला नसता. पायलटनं सुरक्षित आणि निर्मनुष्य जागा नाकारून, यंत्रानं वारंवार बजावूनही, नऊ व्यक्तींच्या दिशेनं विमान नेलं. नोटिशीत 'हेतुपुरस्सर' हा शब्द होता.

"बा, हे बघ! तू फक्त सांग, तुम्ही बागेत होतात. झालं."

बा खिडकीकडं वळला.

"मी सांगणार हाये, आम्ही लिंबाखाली होतो," तो म्हणाला. "विमान आलं, आम्ही पळालो."

सिकंदरला वाटलं, कान पुन्हा गेले.

"काय?"

"पट्टा काढला असं कबूल केलं तं टोळी बंद. कायदाच हाये तसा. कुणी बागवाला दारात उभं करणार नाही. आठ घरं हायेत पोरा. तुझं लायसन जाईल, दुसरं काहीतरी करशील. तू शिकलेला."

"लायसन? बा, ते जेलची भाषा करताहेत! तुम्हाला वाचवायला झाडावर घातलं मी विमान!"

"माहीत हाये मला."

"आणि लायसनचं सोड. चौकशीत जे ठरेल ते मावशी शिकते. निकाल लागला की संध्याकाळपर्यंत राज्यातल्या सगळ्या विमानांत जातो. तुम्ही म्हणालात लिंबाखाली होतो, की ती शिकणार, ठिपका म्हणजे माणूसच. ठिपका नाही म्हणजे बाग रिकामी. पुढच्या वेळी दुसरा कुणी पायलट असेल. परप्रांतातला. त्याला चीक माहीत नसेल, पिशवी माहीत नसेल. तो मावशीचं ऐकेल. आणि बागेत कुणाची तरी टोळी असेल, बा. तुझीच असेल!"

बा उठला. संत्र्याची सालं मुठीत गोळा केली.

"तुझ्याच भल्याचं सांगतोय," तो म्हणाला. "सगळंच काही तुला माहीत असायची गरज नाही."

सिकंदर छताकडं बघत पडून राहिला. ज्या माणसासाठी मरायला निघालो, तोच उद्या आपल्याविरुद्ध बोलणार. राग तर आलाच नाही. नुसता सुन्न झाला.

*

चौकशी शाळेच्या हॉलमध्ये होती. मागच्या भिंतीवर पाढे. समितीच्या प्रमुख वैशंपायनबाई पुण्याहून आलेल्या, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. टेबलावर मावशीचा पडदा. चाकाच्या खुर्चीत सिकंदर. समोरच्या बाकांवर टोळी, सगळे अंघोळ करून, तेल लावून, पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून. शेवटी हमीदा. नववा पट्टा तिच्या नावावर म्हणून बोलावलं असेल, असं त्यानं धरलं.

बा उभा राहिला आणि ठरल्याप्रमाणं बोलला. लिंबाखाली होतो. पट्टे हातात होते. विमान आलं, पळालो. पळताना पट्टे तुटले.

"आठही जणांचे?" बाई म्हणाल्या.

"घाईत तुटले बाई. सरकारी माल."

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

बाईंनी पडदा वळवला. "आठ पट्टे ढिगाऱ्यात सापडले, एकाच जागी. म्हणजे पायलट म्हणतो तसे ते टांगलेले असू शकतात. पण एक अडचण आहे. हे बघा." त्यांनी शेवटचा क्षण सावकाश चालवला. आठ ठिपके जागच्या जागी. आणि नववा, बाजूचा, एकदम चारीकडं सरकला. "हा पट्टा आम्हाला सापडलेला नाही. टांगलेला पट्टा पळतो का, तडवी?"

"वाऱ्यानं," सिकंदर म्हणाला. "विमानाच्या वाऱ्यानं उडाला असेल."

"विमान पोचायच्या आधी?"

सिकंदरची नजर बाच्या हातांवर गेली होती. शर्टाची बाही मनगटाच्या वर सरकली होती आणि खालची कातडी काळी होती. सलग काळी. चिकाचा रंग, महिनोन्महिन्यांचा. मधे कुठं पट्ट्याएवढी कडी नाही.

"मॅडम," सिकंदर म्हणाला, "यांना बाह्या वर करायला सांगा."



"सिकंदर," बा म्हणाला. "राहू दे."

"जो वर्षभर पट्टा घालून उन्हात आणि चिकात काम करतो, त्याच्या मनगटावर पांढरी कडी राहते. चार दिवसांत ती जात नाही. बघा यांचे हात. एकाच्याही मनगटावर कडी नसेल. हे खोटं बोलताहेत आणि मला माहीत आहे का बोलताहेत. पण पट्टा काढतात तो चिकामुळं, माजामुळं नाही. पट्टाच चुकीचा बनवलाय. हे लिहा. हे लिहिलं नाही तर मावशी कुणालातरी मारेल."

"सिकंदर, मी हात जोडतो. राहू दे!" बाचा आवाज फाटला. सिकंदरनं आयुष्यात त्याला कुणासमोर हात जोडताना पाहिलं नव्हतं. अजूनही त्याला वाटत होतं, बा टोळीसाठी करतोय.

"बाह्या वर करा," वैशंपायनबाई म्हणाल्या.

आधी भिकननं केली. मग एकेक करत सगळ्यांनी. हात बाकावर ठेवले. काळे, सलग काळे. बानं सगळ्यात शेवटी केली, आणि हातांकडं न बघता तो हमीदाकडं बघत होता.

सिकंदरनंही तिकडं पाहिलं.

हमीदानं हातांभोवतीची ओढणी सोडवली. पिवळी ओढणी. एका कडेला फाटलेली.

तिचा हात उन्हानं रापलेला होता. आणि मनगटावर, स्वच्छ, रुपयाच्या कडेसारखी कोरलेली, पांढरी कडी.

बाहेर शाळेच्या नळाखाली बादली भरत होती, तिचा आवाज येत राहिला.

"तू कुठं होतीस?" बाईंनी विचारलं.

"लिंबाखाली," हमीदा म्हणाली. "कॉलेजला सुट्टी होती. पेट्यांचा ट्रॅक्टर यायचा होता, म्हणून बसले होते."

"पट्टा?"

"हातात. भाऊ म्हणाला होता एकदा, काढू नको, तो पट्टा म्हणजे मी तुला वरून बघतोय असं समज. तेव्हापासून काढला नाही. झोपतानासुद्धा. बानं चार दिवसांपूर्वी काढून विहिरीत टाकला." ती सिकंदरकडं वळली. "विमान वळलं ना, मला वाटलं तू मला पाहिलंस. म्हणून उठले. हात हलवत होते."

लिंबापाशी पिवळं फडफडलेलं सिकंदरला पुन्हा दिसलं. पुन्हा दिसलं. ती पिशवी नव्हती. नऊ माणसं, पुन्हा सांगते, नऊ माणसं. मावशी आठांबद्दल चुकली होती, आणि एकीबद्दल बरोबर होती. आणि तो ओरडला होता, पट्टे आहेत ते.

"अगदी जवळ आलं तेव्हा चारीत उडी मारली," हमीदा म्हणाली. "पंख डोक्यावरून गेला."

बा बाकावर बसला होता, काळे हात मांडीवर उपडे. "म्हणूनच म्हटलं राहू दे," तो पुटपुटला. "जेलमधून माणूस सुटून येतो. यातून नाही."

वैशंपायनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पडदा सिकंदरकडं सरकवला. त्यांचा आवाज आधीपेक्षा हळू होता.

"आठ आत होते हे सिद्ध झालं. पट्ट्याचं आणि चिकाचं मी लिहिते, टोळीला त्रास होणार नाही असंही लिहिते, किती ऐकतील माहीत नाही. पण मावशीला शेवटी एकच उत्तर लागतं. पायलटचा निर्णय बरोबर की चूक. मत समितीचं असतं. तरी मला तुमचं ऐकायचं आहे."

पडद्यावर दोन चौकोन होते. बरोबर. चूक. तिसरा नव्हता. खाली एक रिकामी ओळ, आणखी काही सांगायचं असेल तर. आज संध्याकाळपर्यंत ते राज्यातल्या सगळ्या विमानांत जाणार होतं. तासाभरापूर्वी सिकंदरनं डोळे मिटून 'बरोबर'वर बोट ठेवलं असतं. आता बोट उचलेना.

हमीदा उठली. टोळीच्या समोरून चालत आली आणि त्याच्या खुर्चीपाशी उभी राहिली. पांढऱ्या कडीचा हात तिनं त्याच्या खांद्यावर ठेवला.

"बरोबर लिही, भाऊ," ती म्हणाली. "पण मला मोजून लिही."